माझा रोज किती, ते मामा सांगतील

५ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी सिमेंटच्या दुकानदाराने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली होती. महिनाभर ती कपाटाच्या पायाखाली होती, कारण कपाट डुगडुगतं. आज काढून घेतली. माझी बायको सेरवा म्हणाली, "आफियाचे बाबा, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय. मला पहाटे चारला उठून विकायचे मक्याचे केन्के शिजवायचेत. कुठेतरी लिहून काढा ना."

तर लिहितो. मी क्वाकू द्वोमो, फरशी मिस्त्री, राहणार अटोन्सू, कुमासी. आज मी आजेकुम ठेकेदाराचं काम सोडलं. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली काढली.

झालं असं की गेल्या शुक्रवारी एका घरमालकाने ठेकेदाराचं बिल खिडकीत ठेवलं होतं. गोणी उचलताना माझी नजर गेली. 'फरशी मिस्त्री, दिवसाचा रोज २०० सेडी.' आजेकुम मला देतो नव्वद. शनिवार-रविवार मी मनात भाषण तयार केलं. चर्चमध्येसुद्धा तेच चाललं होतं. आज सकाळी सगळ्या माणसांसमोर आजेकुमपुढे उभा राहिलो आणि त्या भाषणातलं एवढंच बाहेर आलं, "बॉस, ते बिल..."

आजेकुम शांतपणे म्हणाला, "क्वाकू, अकरा वर्षांत तू कधी जास्त मागितलेस का? तू मागितलंच नाहीस. मग मी काय घरी आणून द्यायचे?"

सगळे हसले. मी म्हटलं, आजपासून मीच माझा मालक. तर म्हणतो, "अरे, फरशी तू झकास बसवशील. पण गिऱ्हाइकाला भाव कोण सांगणार? ईस्टरच्या आत परत येशील बघ." मला असा संताप आला की मी ओरडलो, "ईस्टरच्या आत परत आलो तर सत्तर सेडीवर काम करीन!" त्याने लगेच सगळ्यांना साक्षीला धरलं.

घरी येताना लक्षात आलं की सत्तरचा विषय कुणी काढलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून आकडा सांगितला, तो हा.

७ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस बसून माझा योग्य रोज काढला. अंदाजपंचे नाही, एकेक गोष्ट धरून. जाण्यायेण्याचे. कटरच्या पात्याची झीज. काम नसलेल्या दिवसांचे. 'सातला या' म्हणून दहाला फाटक उघडणाऱ्या गिऱ्हाइकांचे. गुडघ्यांचे वीस लावले, उजव्याचे बारा आणि डाव्याचे आठ, कारण डावा अजून बरा आहे. जेवणाचे काही लावले नाहीत, जेवण घरचंच असतं.

बेरीज एकशे ऐंशी. एक सेडी जास्त नाही, एक कमी नाही. सेरवाला वाचून दाखवली. ती मासळीला मीठ लावत होती. म्हणाली, "बरोबर आहे. सांगणार कोण?"

सगळ्यांना हा एकच प्रश्न का पडतो कळत नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं काम मिळालं आणि पार पडलंही! फ्रेमा टीचरच्या व्हरांड्याची फरशी. चौथीत मला त्यांनी शिकवलंय. मी आकडा तोंडात अगदी तयार ठेवून गेलो होतो.

"क्वाकू, किती घेशील रे?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मला एकदम सातचा पाढा आठवेना झाला.

"टीचर, तुम्ही द्याल ते."

तीन दिवसांचं काम झालं. त्यांनी शंभर सेडी दिले, तिन्ही दिवसांचे मिळून, आणि केळीचा एक घड. शिवाय माझं अक्षर अजून सुधारलेलं नाही हेही सांगितलं. भिंतीवर मापं लिहिली होती ती त्यांनी पाहिली होती.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज मात्र आकडा सांगितला! गिऱ्हाईक अनोळखी होतं, गॅसच्या टाक्यांच्या दुकानाचे मालक. डोळे मिटून म्हटलं, "एकशे ऐंशी." ते म्हणाले, "साठ." मी त्यांना गुडघ्यांचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी स्वतःच्या पाठीचा सांगितला. शेवटी पंचाऐंशीवर ठरलं. आजेकुमकडे नव्वद मिळत होते.

सेरवाने कपाळाला हात लावला. "तुम्ही पहिलाच आकडा खरा सांगितलात?"

"मग काय खोटा सांगू?"

"अहो, मी बाजारात गेले आणि मासळीवालीने पहिल्या फटक्यात खरा भाव सांगितला, तर मला वाटेल मासळी कालची आहे! आधी तिने वर जायचं, मी खाली यायचं, तिने माझ्या आईची चौकशी करायची, मी दोनदा उठून निघाल्यासारखं करायचं. मग कुठे तो खरा भाव होतो."

मला हे पटत नाही. मी फरशीवाला आहे. माझी लेव्हल पहिल्या फटक्यात खरी असते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

तोडगा सापडला. बोलायचंच नाही. पाटी रंगवून घरासमोर लावली: 'क्वाकू द्वोमो, फरशी मिस्त्री. रोज १८० सेडी. भाव ठरलेला आहे. घासाघीस नाही.' खाली येशूचं एक वचनही घातलं, म्हणजे कुणाला राग यायला नको.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवसांत पाटी वाचून चौघं आले. एकही फरशीसाठी नाही. एकाने विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. शेजारची म्हातारी म्हणाली, "क्वाकू, तू लोकांशी बोलणं टाकलंस म्हणे. कुणी काही बोललं का तुला?" तिने माझ्यासाठी प्रार्थना केली, तीही दारात उभी राहून, मोठ्याने.

दुपारी सेरवाने पाटी काढली, उलटी केली आणि तिच्या केन्केच्या टेबलाला वरची फळी म्हणून ठोकली. आधीची फळी कुजली होतीच म्हणे.

तेवढ्यात बोआडू मामा आले. सेरवाच्या आईचे सख्खे भाऊ. दर गुरुवारी भाचीकडे केन्के खायला येतात. एकतीस वर्षं ते त्यांच्या गावच्या नानांचे, म्हणजे राजाचे, ओचेआमे होते, राजाच्या वतीने बोलणारे. तीन वर्षांपूर्वी नाना 'गावाला गेले', आपल्यात नाना वारले असं म्हणत नाहीत. नव्या नानांनी आपला नवा ओचेआमे आणला. सोन्याची मूठ असलेली काठी मामांना परत द्यावी लागली. तेव्हापासून ते एक काळी छत्री बाळगतात. ऊन असो की पाऊस, ती उघडलेली मी पाहिलेली नाही. ती पुढे धरूनच बोलतात.

सेरवाने त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली.  मामांनी केन्के संपवून शेवटचं बोट चाटलं आणि म्हणाले, "जावईबापू, चूक तुमची नाही. तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात, तिथे घोटाळा झाला. नाना कधी सभेत स्वतः बोलतात का? ते माझ्या कानात सांगायचे, मी लोकांपुढे मांडायचो. नाना म्हणायचे, 'नाही.' मी त्याचा पाऊण तास करायचो. आणि लोक हसतमुखाने घरी जायचे!"

"पण मामा, मी काही नाना नाही."

"ते लोकांना कुठे माहीत आहे?" मामा म्हणाले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा. मिस्टर बाफोंच्या दिवाणखान्याचं काम. मामांनी वाटेत मला पढवलं: ते माझ्याकडे वळले की डोळे मिटायचे, सावकाश दोनदा मान हलवायची, आणि काही झालं तरी बोलायचं नाही.

बाफोंनी पाणी दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "इथे सगळं शांत आहे. वाटेवरचे तुम्ही. काय काम काढलंत?" मी मामांच्या कानात सांगितलं, एकशे ऐंशी. मामा उठले. छत्री पुढे धरली. मग त्यांनी बाफोंच्या आजोबांपासून सुरुवात केली. एका कासवाची गोष्ट सांगितली. ज्या घराची फरशी पोकळ वाजते त्या घरात नवरीने पाऊल टाकलं तर पाहुणे काय म्हणतात, ते सांगितलं. (बाफोंच्या मुलीचं लग्न ठरलंय. मला हे माहीत नव्हतं. मामांना कसं कळलं?) सरतेशेवटी म्हणाले, "माझे नाना म्हणतात, दोनशे साठ."

मी खोकलो. मामांनी माझ्या पायावर पाय दिला.

बाफो म्हणाले, "नाना, थोडं कमी करा." ते मामांकडे पाहून म्हणाले, पण मला उद्देशून असणार. मामा माझ्याकडे वळले. मी डोळे मिटले, मान हलवली. असं चार वेळा झालं. दोनशेवर ठरलं, आणि बाफोंच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मामांना हाताची खुर्ची दिली होती, मला तिपाई. मोठ्या माणसाला साधेपणा शोभतो असं त्यांना वाटलं असावं.

घरी येऊन मी सेरवाला हाक मारली, "मामांना दोन केन्के दे. आणि मासळी, मोठी." पैशांकडे पाहायचं नाही म्हटलं. मामांनी फार भराभर खाल्लं. नंतर एसेरेसोला, त्यांच्या घरी, चालत गेले. चांगलं दीड तासाचं अंतर, या वयात! भाड्याची ट्रोट्रो गाडी दारावरून जाते, पण चालण्याची आवड असते एकेकाला.

१ मार्च, शुक्रवार

आठवड्यात तीन बैठका. दोनशे, एकशे नव्वद, दोनशे दहा. पत्ते लिहायला आता वेगळं पान केलंय. आम्ही गेलो की शेजारपाजारचेही खुर्च्या घेऊन येतात. माझं नाव झालंय एकूण. आज एक बाई तर पोरांना घेऊन आली होती आणि मला म्हणाली, "दादा, जरा सरका, म्हातारे दिसत नाहीत."

नवीन शर्ट घेतला. मालकाने शर्टात जावं.

६ मार्च, बुधवार

आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. मामा सकाळी एका बैठकीसाठी आले होते, जेवायला थांबले. फुफूच्या गोळ्याबरोबरचा रस्सा जरा अळणी होता. मी सहज मामांच्या कानात सांगितलं. आता सवयच झाली आहे. मामांनी तोंडातला घास गिळला, छत्री घेतली आणि म्हणाले, "सेरवा, माझे नाना म्हणतात की समुद्र इथून फार लांब आहे आणि आज तो आणखी लांब गेल्यासारखा वाटतो."

सेरवा म्हणाली, "मामा, तुमच्या नानांना सांगा, मीठ त्यांच्या उजव्या हाताला आहे आणि हात त्यांचा अजून शाबूत आहे."

मामांनी मला ते असं सांगितलं की ऐकून मला माझ्याच हाताचा अभिमान वाटला. काय माणूस आहे!

८ मार्च, शुक्रवार

सहावी बैठक झाली. आज मामांना यायला उशीर झाला. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, दोरीने बांधून आले होते. मी लगेच माझ्याकडची बांधणीची तार काढली, पक्की, गंज न चढणारी, आणि स्वतःच्या हाताने चप्पल आवळून दिली. फुकट. मामा म्हणाले, "देव भलं करो, जावईबापू." सेरवा माझ्याकडे बराच वेळ बघत होती. नवरा कामाचा निघाला की बायकांना बरं वाटतं.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी सातवी बैठक आटोपली, आणि दुपारी ती बातमी आली! मादाम पोमांचा निरोप. मोठ्या बाजारात कापडाची तीन दुकानं असलेल्या त्याच मादाम पोमा. नवा बंगला, खाली-वर सगळी फरशी, महिनाभराचं काम. हे मिळालं तर ईस्टरची चिंताच नको. आजेकुमला साक्षीदारांसकट आणून दाखवीन.

अडचण एकच. आजेकुमही तिथे गेला होता. दीडशे सांगून आलाय. स्वतःच्या बिलात दोनशे लावणारा माणूस! मला पाडायला बसलाय. बाकी काम हाताशी नाही, कारण निरोप आल्या आल्या मी सकाळच्यासकट दोघांना नाही कळवून बसलोय. हे गेलं तर मला सत्तर सेडीवर त्याच्या दारात उभं राहावं लागेल.  मग आठवलं, मला कुठे बोलायचंय? शनिवारी बैठक. मामा आहेत.

१६ मार्च, शनिवार

मामा आले नाहीत.

आठपासून दहापर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. फोन त्यांच्याकडे नाही. शेवटी एकटाच गेलो.

मादाम पोमांनी पाणी दिलं. "इथे सगळं शांत आहे. वाटेवरचे तुम्ही. बोला." मी पाणी प्यायलो. आणखी एक ग्लास मागितला. तो संपल्यावर आणखी एक. मग त्यांच्या फरशीची तारीफ केली. फरशी अजून बसलेलीच नाही, तीच तर मला बसवायची आहे. तिसऱ्या ग्लासानंतर मला मोरीची चौकशी करावी लागली.

परत आलो तेव्हा मादाम म्हणाल्या, "मिस्त्री, तू भाव सांगायला आलायस की पाणी प्यायला?"

"मादाम, माझे ओचेआमे आज आलेले नाहीत."

त्या हसल्या नाहीत. "आजेकुम दीडशेला तयार आहे. पण मी बाफोंच्या घरची फरशी पाहिलीय, काम तुझं चांगलं आहे. सोमवारी सकाळी ये, त्या छत्रीवाल्यांना घेऊन. माझ्या जावा मुद्दाम यायच्यात त्यांना ऐकायला. सोमवारी बोलणी झाली नाहीत तर मी आजेकुमला किल्ल्या देऊन टाकीन."

मामांचा मला भयंकर राग आला आहे. ज्या माणसाला मी बसवून मासळी खाऊ घातली, त्याने ऐन वेळी दगा दिला. सेरवाला म्हटलं, उद्या चर्च झालं की एसेरेसोला जाऊन जाब विचारणार. ती म्हणाली, "मीही येते. मलाही विचारायचंय."

१७ मार्च, रविवार

हे लिहायला जड जातंय, पण डायरीत खोटं लिहून काय करू?

मामा त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. काल वाटेतच चप्पल तुटली, माझ्या तारेचं टोक तळपायात घुसलं, आणि ते लंगडत मागे फिरले. मला बघून उठायला गेले. "जावईबापू, मी तुमचं तोंड बंद ठेवलं काल. माझं चुकलं."

"मामा, पण ट्रोट्रोने का नाही आलात?"

मामा छत्रीकडे बघायला लागले.

सेरवा म्हणाली, "त्यांना काय विचारता? मला विचारा. चार सेडी जायला, चार यायला. कुठून आणणार? सात बैठकांचं तुम्ही त्यांना काय दिलंत?"

मी म्हणालो, "अगं, पण त्यांनी कधी मागितलंच नाही!"

हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही. अकरा वर्षं ज्याच्या हाताखाली होतो त्याचा आवाज माझ्या तोंडात बसलेला निघाला. मला फार लाज वाटली. दोनशे दोनशे सेडी या म्हाताऱ्याच्या जिभेवर कमावले आणि त्याला मी तार दिली.

मी त्यांच्यासमोर बसलो. "मामा, एका बैठकीचं तुम्हाला काय द्यायचं? सांगा."

मामांनी घसा साफ केला. छत्री पुढे धरली. तोंड उघडलं, मिटलं. ज्यांनी कासवावरून बाफोंना दोनशेपर्यंत आणलं, त्या मामांच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, "तुम्ही द्याल ते, बापू." आणि मग हळूच, "ओचेआमे स्वतःसाठी कधी बोलत नाही. एकतीस वर्षांत सवयच नाही राहिली."

सेरवाने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "आफियाचे बाबा, आत माठ आहे. स्वतः घेऊन या पाणी, मामांना उठता येत नाही. आणि रीतीने बसा."

मी पाणी आणलं, मीच प्यायलो. ती म्हणाली, "इथे सगळं शांत आहे. वाटेवरचे तुम्ही." मी सांगितलं, मामांचा भाव विचारायला आलोय. मामा तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. ते तीनच शब्द असतील. सेरवा उभी राहिली आणि चांगली वीस मिनिटं बोलली. त्यात तिची आई आली, मामांनी तिच्या शाळेची फी भरली होती ते आलं, एसेरेसोच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आला. शेवटी म्हणाली, "माझे नाना म्हणतात, बैठकीला साठ. ट्रोट्रोचं भाडं दोन्ही वेळचं. झालेल्या साती बैठकांचे धरून. आणि चपलांचा नवा जोड."

देवाशपथ सांगतो, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थोडं कमी करा."

सेरवा मामांकडे वळली. मामांनी डोळे मिटले आणि सावकाश दोनदा मान हलवली.

मी कबूल झालो. चपला वाटेतच घेतल्या आणि लगेच परत जाऊन देऊन आलो, नऊ नंबर.

१८ मार्च, सोमवार

मामा ट्रोट्रोने आले, पुढच्या सीटवर बसून. नव्या चपला, पायाला पांढरी पट्टी. मादामच्या ओसरीवर त्यांच्या चार जावा आणि सबंध गल्ली जमली होती.

मामा आज असे बोलले की मी स्वतःचा भाव विसरून ऐकत बसलो. दोनशे साठला सुरुवात केली. मादाम पोमा काही बाफो नव्हेत. त्यांनी एकशे चाळीसला सुरुवात केली, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांची एक गोष्ट तयार. मी बारा वेळा डोळे मिटले. मामा दोनशेवर आले आणि तिथेच थांबले. मादाम एकशे साठवर थांबल्या. आजेकुमचं दीडशे खालीच पडलेलं होतं. कुणी हलेना.

मग मादामने मामांवरची नजर काढली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, एक सांग. यांना तू काय देतोस?"

मी सवयीने मामांच्या कानाकडे वाकलो. मामा पुढे बघत गप्प. बरोबर आहे, स्वतःचं ते कसं सांगणार? इथे मला सांगणारं कुणीच नव्हतं. जावा बघत होत्या, गल्ली बघत होती. मी उठलो.

"साठ सेडी बैठकीला," मी म्हणालो. "आणि भाडं, दोन्ही वेळचं."

आवाज माझाच होता. मोठा होता. जीभ कुठेही अडकली नाही. आकडा सांगून झाल्यावर मला पाणीही लागलं नाही.

मादामने मामांच्या पायांकडे पाहिलं, नव्या चपलांकडे. "कालपर्यंत काय द्यायचास?"

"केन्के," मी म्हणालो. खरं होतं ते.

आता मात्र त्या हसल्या, आणि सगळी ओसरी हसली. "बरं. म्हणजे भाव काय असतो ते तुला कालच कळलंय. बोलणाऱ्याला साठ देणारा माणूस फरशीत सिमेंट कमी घालणार नाही. दोनशे. उद्या सातला ये, फाटक मी सातलाच उघडते."

वाटेत मामा म्हणाले, "जावईबापू, आज मी दोनशेवर अडलो होतो. तुमच्या त्या एका वाक्याने काम केलं. पुढच्या वेळी हेच मी जरा सजवून घेईन."

३१ मार्च, ईस्टर

काम निम्म्यावर आलंय. चर्चमधून बाहेर पडताना आजेकुम भेटला. मी साक्षीदारांसकट काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण त्याच्या मागेच त्याचे दोन मिस्त्री उभे होते आणि मला खुणावत होते. नंतर त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, मामा आजेकुमशी आमच्या वतीने बोलतील का, आणि बैठकीचे किती घेतात. मी म्हटलं, ते मामांनाही विचारू नका, सेरवाला विचारा. तिच्याकडून आल्यावर म्हणाले, "थोडं कमी नाही का होत?"

दुपारी घरी मामा आले. मी म्हटलं, या, जेवायला बसा. बसले नाहीत. दारातच उभे राहिले, छत्री पुढे धरून, आणि पाणी मागितलं. म्हणजे कामाने आले होते. मी पाणी दिलं, रीतीने म्हटलं, "इथे सगळं शांत आहे. वाटेवरचे तुम्ही."

सेरवा त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या कानात काही सांगितलं.

मामांनी सुरुवात माझ्या आजोबांपासून केली. पहाटे चारच्या अंधारावर बोलले. मग म्हणाले की एका माणसाने सात बैठकांना एका ओचेआमेला दोन दोन केन्के दिले, आणि ते दोन दोन केन्के त्याच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी भांड्यातले होते. मोठी मासळीसुद्धा. शिवाय एक माणूस आपला रोज काढताना दोन्ही गुडघे वेगवेगळे मोजतो आणि रोजच्या डब्याचं काही लावत नाही, कारण जेवण घरचंच असतं.

ते कारण मी फक्त या डायरीत लिहिलं होतं. कपाटाकडे पाहिलं. ते गेल्या कित्येक दिवसांत डुगडुगलेलं नव्हतं. म्हणजे दिवसभर ही डायरी परत त्याच्या पायाखालीच असते, आणि रोज वाकून ती तिथे बसवणारा हात माझा नव्हता.

"माझ्या नाना म्हणतात..." मामा म्हणाले आणि थांबले.

मी वळून कुणाच्या तरी कानात सांगायला पाहिलं. माझे ओचेआमे समोरच्या बाजूला उभे होते. सेरवाने डोळे मिटूनच ठेवले होते, मान हलवायच्या तयारीत.

मी नवा शर्ट सारखा केला आणि स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "सांगा. जेवढं असेल तेवढं सांगा, कमी करा म्हणणार नाही."